माडीवरचा संगणक, बैठकीतला टीव्ही : घरातल्या घरात गेम स्ट्रीमिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात गेम चालवण्याजोगा एकच संगणक आहे, तो माडीवर किंवा आतल्या खोलीत आहे, आणि खेळायचे मात्र बैठकीतल्या टीव्हीवर किंवा छपरीत बसून जुन्या लॅपटॉपवर आहे, अशा घरांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. शहरातील सदनिका डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या माहितीत मातीच्या भिंती, टिनाचे छप्पर, भारनियमन आणि विदर्भातला मे महिना यांचा विचार नसतो. येथे तो मुद्दाम केला आहे.

या प्रकारात नेमके काय घडते?

गेम मूळ संगणकावरच चालतो. त्याच्या ग्राफिक्स कार्डाने तयार केलेले प्रत्येक चित्र तिथल्या तिथे दाबून लहान केले जाते, राउटरमार्फत दुसऱ्या पडद्याकडे पाठवले जाते आणि तेथे उलगडून दाखवले जाते. खेळणाऱ्याने गेमपॅडचे बटण दाबले की ती सूचना त्याच वाटेने उलट संगणकाकडे जाते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. चित्रपट पाहताना टीव्ही पुढच्या काही सेकंदांची चित्रे आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे नेटवर्क क्षणभर अडखळले तरी आपल्याला कळत नाही. गेममध्ये पुढचे चित्र खेळणाऱ्याच्या बोटावर अवलंबून असते, म्हणून असा साठा करताच येत नाही. ‘आमच्याकडे यूट्यूब तर व्यवस्थित चालते’ हा पुरावा त्यामुळे येथे उपयोगाचा नाही.

गावात इंटरनेट धड चालत नाही. मग हे जमेल का?

जमेल, आणि हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जात असल्याने थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. संगणकाकडून टीव्हीकडे जाणारी चित्रे घराबाहेर जातच नाहीत. ती राउटरपर्यंत येतात आणि तेथूनच वळतात. इंटरनेटची जोडणी २ एमबीपीएसची असो, १०० एमबीपीएसची असो किंवा टॉवर बंद पडल्यामुळे त्या दिवशी मुळीच नसो, घरातल्या घरात चालणाऱ्या या वाहतुकीला फरक पडत नाही. मोबाइलच्या रोजच्या डेटाला तर तिचा स्पर्शही होत नाही. गावात फायबर आली नसेल तरी एक साधा राउटर विकत आणून, त्याला बाहेरची कोणतीही जोडणी न देता केवळ घरातल्या यंत्रांसाठी वापरता येतो. सनशाइन आणि मूनलाइट ही सॉफ्टवेअरची जोडी, जिच्याविषयी पुढे माहिती दिली आहे, एकदा उतरवून बसवली की अशा राउटरवर विनातक्रार चालते.

अडचण एकच येते. वाय-फायला इंटरनेट नाही असे दिसताच अँड्रॉइडचा मोबाइल ती जोडणी सोडून मोबाइल डेटाकडे वळू पाहतो. त्या वेळी पडद्यावर येणाऱ्या विचारणेत इंटरनेट नसले तरी जोडलेले राहावे असा पर्याय निवडावा, किंवा खेळण्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा.

इंटरनेट खरोखर लागते ते गेम उतरवून घेताना. अलीकडचे मोठे गेम ५० ते १०० जीबीच्या घरात जातात आणि रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर ते उतरवणे शक्य नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणारा भाऊ किंवा नातेवाईक असेल तर त्याच्याकडील फायबरवर गेम उतरवून, स्टीमच्या (गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या) बॅकअप सोयीने बाह्य हार्ड डिस्कवर घेऊन गावी आणणे हा रूढ मार्ग आहे. गेम मात्र आपल्याच खात्यावर विकत घेतलेला असला पाहिजे.

संगणक कसा असावा?

जो गेम त्या संगणकावर समोर बसून नीट चालतो तोच स्ट्रीम करता येतो. स्ट्रीमिंगने दुबळा संगणक सशक्त होत नाही. त्याशिवाय चित्र दाबण्याचे काम करणारा वेगळा भाग, म्हणजे एन्कोडर, ग्राफिक्स कार्डात असावा लागतो. एनव्हिडियाने तो २०१२च्या जीटीएक्स ६०० मालिकेपासून दिला आहे, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तो २०११पासून क्विक सिंक या नावाने येतो आणि एएमडीच्या बहुतेक कार्डांतही असतो.

येथे खरेदी करताना फसगत होण्याच्या दोन-तीन जागा आहेत. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड कमी किमतीचा संगणक जोडून देताना दुकानदार हमखास सुचवतात, पण त्यात एन्कोडर नाही. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डांतही नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी एफ हे अक्षर असते (केएफही त्यातच आले), त्यात अंगभूत ग्राफिक्स नसल्यामुळे क्विक सिंकही नसते. यांपैकी एक कार्ड आणि असा प्रोसेसर एकत्र आले, तर चित्र दाबण्याचा सारा भार प्रोसेसरवर पडतो, तोच प्रोसेसर गेमही चालवत असतो, आणि दोन्ही कामे रखडतात. जुनी वस्तू घेणार असाल तर जीटीएक्स १६५० किंवा १०५० टीआय यांसारखे साधे कार्डही या कामाला पुरेसे आहे.

कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

सर्व गेम स्टीमवरच असतील तर स्टीमच्या रिमोट प्ले या सोयीपासून सुरुवात करावी. ही सोय २०१४मध्ये सर्वांसाठी खुली झाली. मूळ संगणकावर स्टीमच्या सेटिंगमध्ये रिमोट प्ले चालू करायचे, टीव्हीवर किंवा मोबाइलवर स्टीम लिंक हे मोफत ॲप घ्यायचे आणि पडद्यावर दिसणारा चार अंकी आकडा संगणकावर भरायचा, एवढ्यावर काम होते. स्टीम लिंक नावाची छोटी पेटीही पूर्वी विकली जात असे. तिची विक्री २०१८मध्ये थांबली.

दुसरा पर्याय सनशाइन आणि मूनलाइट यांचा आहे. सनशाइन मूळ संगणकावर बसवायचे आणि मूनलाइट खेळणाऱ्यासमोरच्या यंत्रावर. दोन्ही मुक्त स्रोत असून मोफत आहेत. मूनलाइट आधी एनव्हिडियाच्या गेमस्ट्रीम या सोयीवर अवलंबून होते. ती सोय कंपनीने २०२३मध्ये काढून घेण्यास सुरुवात केली, तेव्हापासून तिची जागा सनशाइनने भरून काढली आहे. ते एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल अशा तिन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालते. सनशाइनची मांडणी ब्राउझरमधून, त्याच संगणकाच्या ४७९९० या पोर्टवर उघडणाऱ्या पानावर करावी लागते आणि ते पान उघडताना ब्राउझर सुरक्षिततेची सूचना देतो. पान आपल्याच संगणकावरचे असल्याने तेवढ्यापुरते पुढे जाण्यास हरकत नाही.

मांडणीचा पहिला अर्धा तास स्टीम वाचवते, पण पुढची सारी वर्षे मूनलाइट अधिक सुरळीत चालते असे माझे मत आहे. मंद टीव्ही बॉक्सवर तर दोहोंतला फरक ठळक दिसतो.

आमचा टीव्ही साधा आहे. नवा घ्यावा लागेल का?

नाही. टीव्हीला एचडीएमआय असले म्हणजे झाले. अँड्रॉइड टीव्ही असल्यास दोन्ही ॲप्स थेट मिळतात. नसल्यास चांगल्या प्रतीचा टीव्ही बॉक्स, फायर टीव्ही स्टिक किंवा रास्पबेरी पाय लावता येते. घरात पडून असलेला आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप याहून बरा, कारण एच.२६४ प्रकारचे चित्र उलगडण्याचे काम त्याचे ग्राफिक्स सहज करते आणि त्याला बहुधा केबलची जागाही असते. बॅटरी संपूर्ण गेलेला, कीबोर्डची चार बटणे निखळलेला लॅपटॉपही चालतो. बाजारात मिळणाऱ्या बिनानावाच्या स्वस्त टीव्ही बॉक्सवर मात्र ‘४के’ असे कितीही मोठे छापलेले असले तरी त्यातील कित्येक बॉक्स चित्र उलगडण्यातच इतका वेळ घेतात की गेमपॅड हाती धरवत नाही.

टीव्ही जुना असो वा नवा, त्याच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधून तो अवश्य चालू करावा. टीव्ही चित्र अधिक झळझळीत करण्यासाठी जी प्रक्रिया करतो तिच्यात कित्येकदा ५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो आणि दोष मात्र बिचाऱ्या राउटरच्या माथी येतो.

वाय-फाय पुरेसे आहे की केबल टाकावी?

केबल टाकावी. या संपूर्ण लेखनातून एकच गोष्ट करायची असेल तर ती ही, कारण नवा राउटर, नवा टीव्ही बॉक्स आणि नवे कार्ड यांवर जो खर्च होतो त्याच्या अंशाएवढ्या खर्चात केबलने होणारा फरक त्या सगळ्यांपेक्षा मोठा असतो.

संगणक आणि टीव्ही दोन्ही वाय-फायवर असतील तर प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जाते, एकदा संगणकाकडून राउटरकडे आणि दुसऱ्यांदा राउटरकडून टीव्हीकडे. दोन्ही वेळा एकाच हवेतल्या जागेसाठी ओढाताण होते. म्हणून निदान संगणक ते राउटर एवढा टप्पा तरी केबलने जोडावा. पुष्कळ घरांत तेवढ्यानेच प्रश्न मिटतो. टीव्हीचा टप्पाही केबलने जोडला तर उत्तम. टीव्हीची इथरनेटची जागा बहुधा १०० एमबीपीएसचीच असते, पण १०८० पी आणि सेकंदाला ६० चित्रे यांसाठी २० ते ३० एमबीपीएस पुरतात, त्यामुळे ती अडचण ठरत नाही. ७२० पीसाठी १० एमबीपीएस पुष्कळ झाले.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची घ्यावी. १०० मीटरपर्यंत तिच्यावरून १ जीबीपीएस वेग मिळतो. नागपूरच्या सीताबर्डीत किंवा जिल्ह्याच्या कोणत्याही ठिकाणी ती मीटरवर मिळते, मात्र शुद्ध तांब्याची मागावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल दिसायला हुबेहूब तशीच असते, स्वस्त पडते, आणि वाकवताना आत तुटते. केबल जागेवर नेल्यानंतरच टोकांना क्लिपा माराव्यात, म्हणजे भिंतीचे छिद्र लहान पाडून भागते. तारांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवावा : पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्लिप मारणारा मुलगा घाईत असला की आठऐवजी चारच तारा लावून मोकळा होतो. जोडणी चालते, दिवाही लागतो, पण वेग १०० एमबीपीएसवर अडतो. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०००/१००० दिसते की १००/१०० हे तो उभा असतानाच पाहून घ्यावे. राउटरच्या जागाच १००च्या असतील, तर दोष त्याचा नाही, हेही लक्षात ठेवावे.

केबल विजेच्या तारेला समांतर न्यायची झाल्यास मध्ये वीतभर अंतर राखावे. ज्या खोलीत धान्याची पोती किंवा सरकी ठेवलेली असते तेथून जाताना ती पीव्हीसी पाइपातूनच न्यावी. उंदरांना ही केबल फार आवडते. छतावरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर बाहेर वापरण्याची काळी केबल घ्यावी, कारण घरात वापरायच्या केबलचे आवरण आपल्याकडच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकते.

विजेच्या वायरिंगमधूनच डेटा नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर अनेकांना सोयीचे वाटतात. जुन्या वायरिंगच्या, इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढलेल्या आणि खोल्या वेगवेगळ्या फेजवर असलेल्या घरांत ते बेभरवशाचे ठरतात. त्यांची शिफारस करवत नाही.

केबल टाकणे शक्यच नाही. वाय-फायवर भागवायचे तर कसे?

राउटरवर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असला पाहिजे ही पहिली अट आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, १, ६ आणि ११. शेजारच्या घरांचे राउटर, ब्लूटूथचे गेमपॅड आणि वायरलेस माउस हे सगळे त्याच पट्ट्यात नांदतात. वाय-फाय २.४वर आणि गेमपॅड ब्लूटूथवर असेल तर चित्र आणि बटण दोन्ही एकाच वेळी अडखळताना दिसते, ते यामुळेच. यूएसबी ३च्या जागेतूनही या पट्ट्यात गोंगाट होतो; वायरलेस गेमपॅडचा यूएसबी रिसीव्हर संगणकाच्या मागे खुपसण्याऐवजी लहान यूएसबी केबल लावून पुढे आणावा.

५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, मात्र भिंत ओलांडताना थकते. धाब्याच्या घराची दोन-अडीच फूट जाडीची मातीची भिंत ती जेमतेम एकदा ओलांडते, आणि पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते तेव्हा त्याहून कमी. स्लॅबमधील सळाखी, माडीचे टिन, राउटरला लागून उभे केलेले लोखंडी कपाट यांतून तर लहरी परतच फिरतात. पत्र्याचा कूलर हा विदर्भातला खास अडथळा आहे. बाहेरून पत्रा आणि आत पाण्याने भरलेली टाकी, म्हणजे वाय-फायसाठी याहून वाईट भिंत बांधता येणार नाही. आणि खिडकी हीच लहरींची सोपी वाट असते, तिथेच तो बसवलेला असतो. मार्चपर्यंत नीट चाललेले स्ट्रीमिंग एप्रिलमध्ये एकाएकी बिघडले, तर आधी कूलर कुठे लावला ते पाहावे.

राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर ठेवावा. संगणक आणि टीव्ही यांपैकी ज्याला केबल मिळू शकत नाही त्याच्या तो दृष्टीच्या टप्प्यात असावा, म्हणजे मधल्या दाराच्या रेषेत. लहान मुलांच्या हाताला लागू नये म्हणून कपाटात बंद करून ठेवलेला राउटर ही नेहमीची चूक आहे.

चित्र मध्येच अडखळते. दोष कुठे आहे हे कसे ओळखावे?

अंदाजाने वस्तू बदलत बसण्यापेक्षा दहा मिनिटे मोजमाप करावे. समोरच्या लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या संगणकावर मूनलाइट वापरत असाल तर खेळ चालू असताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस ही चार बटणे एकत्र दाबली की आकडे पडद्यावर येतात. नेटवर्कमध्ये गळालेल्या चित्रांचे प्रमाण शून्याहून ठळक दिसत असेल तर दोष वाय-फायचा किंवा केबलचा. ते शून्य असूनही चित्र उलगडण्याचा वेळ १६ मिलिसेकंदांच्या वर जात असेल तर समोरचे यंत्र कमी पडते आहे. दोन्ही ठीक असून सेकंदाला येणारी चित्रेच ६०ऐवजी ४० असतील तर मूळ संगणकावर गेमच मंद चालतो आहे; गेमच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी करावा.

याशिवाय समोरच्या यंत्रावरून राउटरच्या पत्त्यावर (आयपी ॲड्रेसवर) पिंग, म्हणजे उत्तर किती वेळात येते ते मोजणारी आज्ञा, मिनिटभर सतत चालवून पाहावी. केबलवर उत्तर सातत्याने १ मिलिसेकंदाच्या आसपास येते. वाय-फायवर २-४ आले तरी उत्तम. मात्र मध्येच ८०, १५० असे आकडे उसळत असतील, तर सरासरी कितीही चांगली दिसली तरी खेळताना धक्के बसणारच. हे धक्के ठरावीक अंतराने बसत असतील तर बहुधा लॅपटॉप किंवा मोबाइल आसपासची इतर नेटवर्के शोधत असतो. मोबाइलमध्ये स्थानासाठी वाय-फाय शोधण्याची सोय बंद करून पाहावे.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, वाढवला की चित्र सुधारेल असे वाटते. अडखळणाऱ्या जोडणीवर नेमके उलटे करायचे असते : बिटरेट कमी करत यावे, १० एमबीपीएसवर ७२० पी स्थिर चालले की तेथून वर चढावे.

टीव्हीवर संगणक दिसतच नाही. काय तपासावे?

गावाकडे याचे कारण बहुधा एकच निघते. फायबर देणाऱ्याने बसवलेल्या पेटीचे स्वतःचे वाय-फाय असते, आणि आवाका वाढावा म्हणून घरच्यांनी तिच्यापुढे दुसरा राउटर लावलेला असतो. संगणक एकाला जोडलेला, टीव्ही दुसऱ्याला. दोन्हीकडे इंटरनेट चालते, म्हणून कोणालाच शंका येत नाही. प्रत्यक्षात ती दोन वेगळी नेटवर्के असतात. दोन्ही यंत्रांचे पत्ते (आयपी ॲड्रेस) पाहावेत. एकाचा १९२.१६८.१ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०ने सुरू होत असेल तर निदान झाले. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकावा, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न करता पहिलेच पुढे नेतो, किंवा दोन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडावीत.

हे ठीक असल्यास विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिक ठरवलेले आहे का ते पाहून प्रायव्हेट करावे, आणि टीव्ही पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गेस्ट नेटवर्कवर तर नाही ना याची खात्री करावी.

जोडणी होते, पण पडदा काळा राहतो.

मूळ संगणकाचा मॉनिटर बंद असेल किंवा काढून ठेवला असेल तर पाठवण्यासाठी चित्रच तयार होत नाही. मॉनिटर चालू ठेवावा किंवा मॉनिटर जोडलेला आहे असे संगणकाला भासवणारा एचडीएमआयचा डमी प्लग लावावा. नखाएवढी वस्तू आहे, ऑनलाइन मिळते. लॅपटॉप असल्यास झाकण मिटल्यावर काहीही करू नये असे पॉवर सेटिंगमध्ये ठरवावे.

गेमपॅड कुठे जोडावा, टीव्हीला की संगणकाला?

खेळणारा जेथे बसला आहे तेथील यंत्राला. दोघे भाऊ किंवा बहीण-भाऊ मिळून खेळणार असतील तर दोन्ही गेमपॅड तिथेच जोडावेत. ब्लूटूथपेक्षा यूएसबी केबलचा गेमपॅड स्वस्त आणि भरवशाचा असतो, चार्जिंगची कटकटही नसते. माउस-कीबोर्डने खेळायचे नेमबाजीचे गेम मात्र संगणकासमोर बसूनच खेळावेत. शर्यतीचे, क्रिकेटचे, फुटबॉलचे आणि कथेचे गेम स्ट्रीमिंगवर खुलतात.

भारनियमन आणि कमी-जास्त व्होल्टेज यांचे काय?

साखळीत आता तीन यंत्रे आहेत, संगणक, राउटर आणि टीव्ही, आणि यांतील एकाची वीज गेली तरी खेळ थांबतो. यूपीएस केवळ संगणकाला लावून उपयोग नाही, हे पहिल्या खंडित पुरवठ्यालाच कळते : संगणक चालू, गेम चालू, आणि खेळणाऱ्यापुढे अंधार. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात. ते घ्यावे, व्होल्टेज आणि पिन मात्र आपल्या राउटरच्या अडॅप्टरशी जुळवून पाहावी. फायबरची पेटी आणि राउटर वेगळे असतील, तर घरातल्या खेळापुरता राउटर तेवढा चालू राहिला तरी पुरते.

घरच्या इन्व्हर्टरवर गेमचा संगणक चालवायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा असावा. खेळताना संगणक ३०० वॅटच्या आसपास वीज घेत असेल तर तीन तासांत जवळपास एक युनिट जळते, आणि तेवढी वीज बॅटरीतून काढली तर रात्रीच्या पंख्याला उरत नाही. घरातील वडीलधाऱ्यांशी वाद याच मुद्द्यावर होतो आणि त्यात वडीलधाऱ्यांचे बरोबर असते. लाइन गेल्यावर यूपीएसच्या पाच-सात मिनिटांत खेळ सेव्ह करून संगणक बंद करावा, हा नियम बरा.

वीज परत आली की संगणक आपोआप सुरू व्हावा अशी सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, असते. ती बंदच ठेवावी, कारण लाइन येण्याच्या पहिल्या काही क्षणांत व्होल्टेज सर्वाधिक उसळते. मूनलाइटमधून संगणक जागा करता येतो, त्यासाठी संगणक केबलने जोडलेला आणि स्लीपमध्ये असावा लागतो.

उन्हाळ्यात माडीवर बसवत नाही. संगणक तिथेच ठेवून खाली कूलरमध्ये खेळले तर चालेल का?

पुष्कळ जण स्ट्रीमिंगकडे वळतात ते याच कारणाने, आणि खेळणाऱ्याच्या दृष्टीने कल्पना उत्तम आहे. संगणकाच्या दृष्टीने नाही. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोला येथे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा टिनाखालच्या खोलीतील हवा बाहेरच्याहून तापलेली असते, आणि पंखा कितीही फिरला तरी तो संगणकाला त्याच हवेने थंड करू पाहतो. प्रोसेसर आणि कार्ड ठरावीक तापमानापुढे आपला वेग आपोआप कमी करतात. नेटवर्क निर्दोष असूनही दुपारी तीनला चित्र रखडते आणि रात्री नऊला तेच सुरळीत चालते, याचा उलगडा येथे होतो.

एप्रिल ते जून संगणक खालच्या मजल्यावर आणणे हा खरा उपाय. ते शक्य नसेल तर गेममध्ये चित्रांचा दर ३०वर बांधावा. कार्डाचा भार पुष्कळ उतरतो आणि संथ गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही. संगणक कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नये, त्या हवेत ओल असते आणि जुन्या कूलरमधून तुषारही उडतात. कापूस घरात साठवणाऱ्यांनी किंवा जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी संगणकाच्या जाळ्या महिन्यातून एकदा तरी मऊ ब्रशने साफ कराव्यात. कापसाचा तंतू पंख्यामागच्या पात्यांवर नमदा धरतो आणि मग दिवाळीतही संगणक मे महिन्यासारखा तापतो.

शेतातल्या घरापर्यंत किंवा काकांच्या घरापर्यंत नेता येईल का?

अंतर १०० मीटरच्या आत असेल तर केबलने नेता येते खरे, पण दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नये. विदर्भात मान्सूनपूर्व वादळांत आणि परतीच्या पावसात विजा पडतात. जवळ कुठे वीज पडली तरी अशा केबलमध्ये उसळी येऊन दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात. त्याऐवजी ऑप्टिकल फायबर आणि दोन्ही टोकांना फायबर आणि साधी केबल यांना जोडणाऱ्या पेट्या, म्हणजे मीडिया कन्व्हर्टर, लावावेत. काच वीज वाहून नेत नाही आणि १०० मीटरची मर्यादाही राहत नाही. फक्त फायबरच्या आत लोखंडी तार नसलेली केबल मागावी. गावातील केबल टीव्हीवाल्याकडे फायबर जोडण्याचे यंत्र असते, तो हे काम करून देतो.

अंतर अधिक असेल आणि मध्ये काही आडवे येत नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर समोरासमोर लावायच्या बाहेरच्या वायरलेस जोडण्या मिळतात. कपाशी, सोयाबीन यांचा अडथळा होत नाही. मधला कडुनिंब मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाने झडल्यावर जोडणी तपासली तर अडथळा वाटत नाही, आणि पालवी फुटताच वेग घसरतो. म्हणून जागा भर पानांच्या दिवसांत ठरवावी.

पुण्याला होस्टेलवर राहणाऱ्या मुलाला घरचा संगणक तेथून वापरता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येईल, परंतु आता इंटरनेट मध्ये आल्यामुळे वर सांगितलेले सारे गणित बदलते. घरच्या जोडणीचा अपलोड वेग निदान १० एमबीपीएस स्थिर असावा लागतो. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना मिळून देतात, त्यामुळे बाहेरून थेट घरच्या संगणकापर्यंत पोहोचता येत नाही. टेलस्केल किंवा झिरोटियर यांसारख्या सोयीने खासगी जाळे उभारावे लागते. राउटरमध्ये पोर्ट उघडे टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो पाळू नये. आणि घरी कोणी तरी संगणक चालू करून द्यावा लागेल, लाइन असावी लागेल, ती मध्येच जाऊन चालणार नाही. एवढे सगळे जुळून येण्याची वाट पाहण्यापेक्षा मुलाने सुटीत घरी यावे, हे आजीचे मत या बाबतीत तांत्रिकदृष्ट्याही योग्य आहे.

हीच व्यवस्था खेळाखेरीज कशाला उपयोगी पडते?

सनशाइन-मूनलाइटमधून गेमऐवजी संपूर्ण डेस्कटॉप निवडता येतो. त्यामुळे पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याला आराखड्याचे जड सॉफ्टवेअर माडीवरच्या संगणकावर चालवून खालच्या जुन्या लॅपटॉपवर काम करता येते. बारीक अक्षरे स्वच्छ दिसावीत म्हणून अशा वेळी चित्रांचा दर ३० ठेवून बिटरेट वाढवावा, आणि दोन्ही यंत्रांचे रिझोल्यूशन सारखे ठेवावे. संगणकावर त्याच वेळी दुसऱ्या कोणाला काम करता येणार नाही, एवढे घरात आधी सांगून ठेवावे.